लोकमत मोजताना काय सापडतं आणि काय सुटतं

प्रश्न असा आला आहे: लोकशाहीत राज्यकर्ते लोकमताला खरंच किंमत देतात का? सर्वेक्षणात दिसतं तेच खरं लोकमत असतं का? आणि बहुसंख्य लोकांना एखादी गोष्ट हवी असेल, तर सरकारनं ती करायलाच हवी ना?

मी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात अडकलेली आहेत. गेली २४ वर्षं मी सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करते, मुलाखतकारांना शिकवते आणि फील्डवरून आलेल्या उत्तरांची छाननी करते. या कामात शिरले तेव्हा माझी समजूत सरळ होती: लोकांच्या मनात मतं असतात, आपण जायचं, विचारायचं आणि मोजून आणायचं. ही समजूत पहिल्या दोन-तीन वर्षांतच ढासळली. काही मतं खरोखरच तयार असतात, घट्ट असतात. पण पुष्कळ मतं प्रश्न कानावर पडल्यावर त्या क्षणी जुळवली जातात, काही भीतीनं दडून राहतात आणि काही चार लोकांशी बोलल्यावर पार बदलतात. या सगळ्यांना आपण ‘लोकमत’ हा एकच शब्द लावतो आणि मग त्याचं ऐकायचं की नाही यावर भांडत बसतो.

आधी मोजण्याबद्दल. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची हकिगत या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं जवळपास १ कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २३ लाखांच्या आसपास भरून परत आल्या. एवढ्या संख्येच्या बळावर साप्ताहिकानं सांगितलं की आल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि लँडन यांच्या वाट्याला फक्त २ राज्यं आली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी डायजेस्टच्या मानानं मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता. शिवाय डायजेस्टचा आकडा साधारण किती येईल आणि तो कसा चुकेल, हेही त्यांनी मतपत्रिका रवाना होण्याआधी सांगून ठेवलं होतं. १९३८ मध्ये ते साप्ताहिक बंद पडलं.

चूक कशी झाली याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणी यादीतून घेतली होती, आणि मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असणारे लोक म्हणजे खाऊनपिऊन सुखी लोक. हे खरंच आहे. पण पुढे झालेल्या अभ्यासात दुसरं कारण त्याहून जड ठरलं: मतपत्रिका कुणाला पाठवल्या यापेक्षा कुणी परत पाठवल्या यानं निकाल जास्त बिघडवला. रूझवेल्ट यांच्यावर संतापलेले लोक हिरिरीनं उत्तर पाठवत होते, त्यांच्यावर समाधानी असलेले पाकीट बाजूला ठेवून कामाला लागत होते. हे मी मुद्दाम ताणून सांगते आहे, कारण आज समाजमाध्यमांवरच्या प्रतिक्रिया पाहून ‘लोक काय म्हणताहेत’ हे ठरवताना नेमकी हीच चूक रोज होते. लाखो प्रतिक्रिया दिसतात, पण त्या लिहिणारे कोण आणि न लिहिणारे कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, ती पातेल्याला सगळीकडून सारखी आच लागलेली असते म्हणून. समाजाला आच सारखी लागत नाही. म्हणून आम्हाला शितं ठिकठिकाणची, आणि कुणाच्या आवडीनिवडीवर न सोडता, उचलावी लागतात. तसं केलं तर सुमारे १,००० लोकांच्या नमुन्यातून येणारा आकडा बहुतेक वेळा ३ टक्केबिंदूंच्या आतबाहेर बरोबर येतो, मग देशाची लोकसंख्या ५० लाख असो की १०० कोटी. यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ‘मला तर कुणी कधी विचारलं नाही’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. विचारलं नसणारच; न विचारताही तुमच्यासारख्यांचं मत त्यात यावं, यासाठीच ही सगळी यातायात असते.

अडचण अशी की चिठ्ठ्या टाकून निवडलेला माणूस बोलायला तयार हवा. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या टेलिफोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळत होता, २०१८ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला. उरलेल्यांची भरपाई गणितानं करावी लागते, म्हणजे कमी आलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन द्यावं लागतं. कोणत्या गटाला वजन द्यायचं हे चुकलं की सगळंच घसरतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यपातळीवरच्या चाचण्यांनी शिक्षणानुसार असं वजन दिलं नव्हतं. महाविद्यालयात गेलेले मतदार नमुन्यात जास्त आले आणि ट्रम्प यांचं पारडं हलकं दिसलं. देशपातळीवरचा अंदाज मात्र त्या वर्षी फारसा चुकला नव्हता, हे लोक विसरतात.

नमुना चोख असला तरी प्रश्नाची भाषा उरतेच, आणि माझं बहुतेक आयुष्य तिच्यातच गेलं. अमेरिकेत १९४० च्या सुमारास एक साधा प्रयोग झाला. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं निम्म्या लोकांना विचारलं, आणि अशा भाषणांवर ‘बंदी घालावी का’ असं उरलेल्यांना. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांचा परिणाम एकच. तरी मत देणाऱ्यांमध्ये जवळपास २० टक्केबिंदूंचा फरक पडला: परवानगी नको म्हणणारे पुष्कळ, बंदी घाला म्हणणारे त्याहून बरेच कमी. ‘बंदी’ हा शब्द माणसाला जड जातो. या दोनपैकी खरं लोकमत कोणतं? दोन्ही खरी आहेत. त्या लोकांना अशी भाषणं आवडत नव्हती, आणि सरकारनं तोंड बंद करणंही आवडत नव्हतं. हा ताण एका टक्केवारीत मावत नाही.

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १९७८ मध्ये झाला. संशोधकांनी लोकांना ‘१९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा’ रद्द करावा का, असं विचारलं. असा कायदा अस्तित्वातच नव्हता. तरीही सुमारे एक तृतीयांश लोकांनी ठामपणे हो किंवा नाही असं उत्तर दिलं. त्या लोकांना मूर्ख म्हणू नका. कुणी दाराशी येऊन आदरानं मत विचारतं तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणणं कमीपणाचं वाटतं. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. १९५६, १९५८ आणि १९६० साली त्याच माणसांना तेच प्रश्न विचारले, तर कित्येकांची उत्तरं इतकी बदलत गेली की नाणं उडवून दिल्यासारखी वाटावीत. देशापुढच्या प्रश्नांवर अनेकांचं मत नसतंच, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो थोडा कठोर वाटतो. माझा अनुभव असा की माणसाच्या मनात एका विषयावर दोन-तीन वेगवेगळे विचार एकाच वेळी नांदत असतात, आणि त्या दिवशी त्यातला जो वर असतो तो उत्तर देतो.

म्हणून प्रश्नावलीत ‘सांगता येत नाही’ या पर्यायाला मी जिवापाड जपते. एकदा एका कामात, पाणीपुरवठ्याचं व्यवस्थापन खासगी कंपनीकडे द्यावं का, असा विषय होता. चाचणी फेरीत ‘सांगता येत नाही’ म्हणणारे पुष्कळ निघाले. काम देणाऱ्यांनी तो पर्याय काढून टाका म्हणून आग्रह धरला, कारण त्यांना अहवालाच्या पहिल्या पानावर स्पष्ट बहुमत हवं होतं. पर्याय काढला असता तर ते मिळालंही असतं. लोकांनी सौजन्यापोटी काहीतरी एक निवडलं असतं आणि तो आकडा ‘जनतेचा कौल’ म्हणून बैठकीत मांडला गेला असता. त्यावर मी दोन आठवडे भांडले. पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

आता दडलेल्या मतांकडे. मुलाखतकारांना मी पहिला धडा देते तो जागेचा. घरात तीन माणसं बसलेली असताना विचारलेला प्रश्न आणि तोच प्रश्न एकट्या माणसाला विचारणं, हे दोन वेगळे प्रश्न असतात. बाई उत्तर देताना दाराकडे बघते, तरुण मुलगा वडिलांच्या उत्तराची वाट पाहतो, कामगार मुकादम लांब जाईपर्यंत थांबतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं की समोरच्या रेघांची लांबी उघड दिसत असतानाही, आजूबाजूचे सगळे चुकीचं सांगू लागले की माणसं चुकीच्या उत्तराला मान डोलावतात; बाकीचे चुकीचं सांगत होते त्या फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांश उत्तरं अशी फिरली होती. रेघांच्या बाबतीत हे होतं, तर जिथे नोकरी, नातं किंवा जीव पणाला लागतो तिथे काय होत असेल?

जर्मनीत लोकमताच्या अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये याला ‘मौनाचं आवर्त’ म्हटलं. आपलं मत अल्पमतात आहे असं ज्याला वाटतं तो गप्प होतो. तो गप्प झाल्यामुळे ते मत आणखी कमी ऐकू येतं. मग आणखी काही जण गप्प होतात. नदीतल्या भोवऱ्यासारखं ते आत आत ओढत जातं. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, कारण सगळेच लोक असे दबत नाहीत आणि दबावाचं प्रमाण विषयानुसार बदलतं. पण एक गोष्ट मी फील्डवर पुन्हा पुन्हा पाहिली आहे: आपल्या भोवतालच्या लोकांचं मत काय आहे याचा अंदाज करताना लोक खूप चुकतात, आणि त्या चुकलेल्या अंदाजावर स्वतःचं वागणं बेततात.

हे मौन सगळ्यात जास्त महागात पडतं ते ज्यांनी ते लादलं त्यांनाच. भारतात जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते तुरुंगात गेले. वरून सगळं शांत होतं. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये सत्ताधारी पक्ष केंद्रात हरला. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून पराभूत झाल्या. पूर्व जर्मनीत तर निवडणुकांमध्ये सरकारी यादीला जवळजवळ १०० टक्के पाठिंबा दाखवला जाई. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या रस्त्यांवर सुमारे ७० हजार लोक उतरले आणि महिनाभरात बर्लिनची भिंत उघडली. त्या ७० हजारांचं मत आदल्या रात्री तयार झालेलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते होतं. आपल्यासारखे किती आहेत हे फक्त त्या दिवशी एकमेकांना कळलं. मुक्त वृत्तपत्रं, विरोधी पक्ष, निर्भय सभा यांची गरज सरकारला आवर घालण्यासाठी असते असं आपण मानतो. तितकीच ती लोकांना एकमेकांचं मत कळावं यासाठी असते.

मग पहिला प्रश्न: राज्यकर्ते लोकमताला मानतात का? मानतात, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. सर्वेक्षणाचा आकडा आला आणि त्यानुसार कायदा झाला, असं फार क्वचित घडतं. लोकमताचं खरं काम जास्त करून न दिसणारं असतं. व्ही. ओ. की या राज्यशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये ‘सुप्त लोकमत’ ही कल्पना मांडली. आज लोक एखाद्या विषयावर काहीच बोलत नसतील, पण उद्या अमुक निर्णय घेतला तर ते खवळतील का, याचा अंदाज राजकारणी सतत बांधत असतो. जे निर्णय कधी घेतलेच गेले नाहीत, जे प्रस्ताव टेबलावरून परत खणात गेले, तिथे लोकमत सर्वात ताकदवान असतं. त्याची बातमी होत नाही, म्हणून ते निष्प्रभ वाटतं. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं आहे की नियमित निवडणुका, विरोधी पक्ष आणि बऱ्यापैकी मुक्त वृत्तपत्रं असलेल्या चालत्या लोकशाहीत मोठा दुष्काळबळींचा प्रसंग आलेला नाही. भुकेल्या माणसांची छायाचित्रं छापून येणार आणि पुढे निवडणूक आहे, एवढी जाणीव सरकारला धान्य हलवायला पुरते. हे लोकमताचं सगळ्यात मोठं कर्तृत्व आहे असं मी मानते, आणि ते कुठल्याही चाचणीत दिसत नाही.

दुसरं काम आहे हेलकावे सावरण्याचं. राज्यशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर व्हलेझिन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या संरक्षण खर्चाचा अभ्यास करून दाखवलं की सरकार खर्च वाढवत गेलं की ‘आता पुरे’ म्हणणारे वाढतात, कमी करत गेलं की ‘आणखी हवा’ म्हणणारे वाढतात. खोलीचं तापमान राखणाऱ्या यंत्रासारखं लोकमत काम करतं. खर्चाचा नेमका आकडा किती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पण कुठे जास्त झालं आणि कुठे कमी पडलं, याचा अंदाज समाजाला मिळून असतो. एकेका माणसाच्या उत्तरात डळमळ दिसते, पण लाखो उत्तरं एकत्र केली की दिशा सापडते. कॉन्व्हर्स यांच्या निष्कर्षानं निराश होणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हा अभ्यास वाचायला देते.

तरी चित्र गोड करून सांगणार नाही. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १,७७९ धोरणप्रश्नांची छाननी प्रसिद्ध केली. १९८१ ते २००२ या काळात श्रीमंतांचं आणि संघटित व्यापारी गटांचं मत धोरणात उतरताना दिसलं. सामान्य माणसाच्या मताचा स्वतंत्र प्रभाव जवळपास शून्य निघाला. इतर संशोधकांनी यावर आक्षेप घेतला की मध्यमवर्ग आणि श्रीमंत बहुसंख्य प्रश्नांवर एकाच बाजूला असतात, त्यामुळे सामान्य माणूस हरतोच असं नाही. आक्षेप रास्त आहे. पण जिथे दोघांची मतं वेगळी पडतात तिथे कुणाचं चालतं, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आणि कधी कधी उघड, प्रचंड लोकमतही हरतं. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध जगभरातल्या शेकडो शहरांत मोर्चे निघाले, एकट्या लंडनमध्ये लाखो लोक चालले. साधारण महिनाभरानं युद्ध सुरू झालं. त्यानंतर ब्रिटनमधला कल काही काळ युद्धाच्या बाजूनंही झुकला होता, हे आठवलं की मला आजही अवघड वाटतं. सैनिक रणांगणात गेले की त्यांच्याविरुद्ध बोलल्यासारखं वाटून माणसं थबकतात, आणि सत्तेला हे पुरतं ठाऊक असतं.

राहिला तिसरा प्रश्न, बहुमताचा. पाचामुखी परमेश्वर ही म्हण मला आवडते, पण ते पाच कोण, हे आधी विचारावं लागतं. स्वित्झर्लंडइतका लोकांना थेट कौल विचारणारा दुसरा देश नाही. तिथे १९५९ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार द्यावा का, यावर सार्वमत झालं. मत देणारे अर्थातच फक्त पुरुष. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. १९७१ मध्ये पुन्हा कौल घेतला तेव्हा साधारण तेवढ्याच प्रमाणात होकार आला. पद्धत दोन्ही वेळा काटेकोरपणे लोकशाहीची होती. पण १९५९ चा कौल हे ‘लोकांचं’ मत होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांच्याबद्दल निर्णय होत होता त्याच मोजणीबाहेर होत्या.

आणि सगळे मोजणीत असले तरी काही गोष्टी बहुमतावर सोडायच्या नसतात. अमेरिकेत १९५८ साली गॅलपच्या पाहणीत गोरे आणि काळे यांच्यातल्या विवाहाला फक्त ४ टक्के लोकांची पसंती होती. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा विवाहांवरच्या बंद्या रद्द केल्या, तेव्हाही बहुसंख्य लोक विरोधातच होते. २०२१ मध्ये पसंती ९४ टक्क्यांवर पोचली. न्यायालय बहुमताची वाट पाहत थांबलं असतं तर त्या मधल्या पिढ्यांनी काय करायचं होतं? फ्रान्सनं १९८१ मध्ये देहदंड रद्द केला तोही पाहण्यांमधला बहुसंख्यांचा कल विरुद्ध असताना. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं की संविधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर माणसाचे मूलभूत हक्क हा प्रश्नावलीचा विषय नाही. त्याबद्दल लोकांना काय वाटतं हे जरूर मोजावं, म्हणजे किती वाट चालायची आहे ते कळतं. पण ते हक्क द्यायचे की नाही हे त्या आकड्यानं ठरू नये.

ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये आपल्या ब्रिस्टल मतदारसंघातल्या मतदारांना बजावलं होतं की प्रतिनिधीनं तुमच्या मतापुढे स्वतःची विवेकबुद्धी गहाण टाकली तर तो तुमची सेवा करत नाही, विश्वासघात करतो. हे वाक्य आजही आमदार-खासदार मोठ्या आवडीनं वापरतात. ब्रिस्टलची ती जागा बर्क यांना १७८० साली गमवावी लागली, तेही सांगायला हवं. मला दोन्ही योग्य वाटतं: प्रतिनिधीनं पटेल ते करावं, लोकांपुढे येऊन त्याची कारणं द्यावीत, आणि लोकांना पटली नाहीत तर घरी जावं.

लोकमत घडतं कसं यावर इथे थोडंच बोलते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या, कुणाला मत द्यायचं ते न ठरवलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं आणि ती यादी बातम्यांमध्ये कशाला किती जागा मिळाली त्याच्याशी ताडून पाहिली. दोन्ही याद्या जवळपास जुळल्या. माध्यमं काय विचार करायचा हे सहसा ठरवू शकत नाहीत, पण कशाबद्दल विचार करायचा हे बऱ्याच अंशी ठरवतात. आता ती ताकद संपादकांकडून पडद्यावरच्या क्रमवारी लावणाऱ्या प्रणालींकडे सरकली आहे, आणि पैसे देऊन हजारो बनावट खाती एकाच विषयावर ओरडू लागली की नोएल-नॉयमान यांचं आवर्त कृत्रिमपणे फिरवता येतं. खऱ्या माणसाला वाटतं आपण एकटेच पडलो.

पण घडवण्याची चांगली वाटही आहे, आणि ती मला प्रत्यक्ष अनुभवांपेक्षाही आयर्लंडच्या उदाहरणानं जास्त पटली. तिथे २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष अशी नागरिक सभा बसवली गेली. निवड यादृच्छिक, वय, लिंग, प्रदेश यांचं प्रमाण सांभाळून. विषय गर्भपाताचा, म्हणजे त्या देशातला सर्वात दुखरा. शनिवार-रविवार भेटून त्यांनी डॉक्टरांचं, वकिलांचं, दोन्ही बाजूंच्या लोकांचं, स्त्रियांच्या अनुभवांचं ऐकलं, लहान गटांत बोलले, आणि मग गर्भपाताला मुभा देण्याची शिफारस केली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी घटनेतली बंदी हटवायला होकार दिला. नागरिक सभेची शिफारस अनेक राजकारण्यांना अतिरेकी वाटली होती. जनता तिच्या जवळ निघाली. याच्या शेजारी २०१६ चं ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं का यावरचं, सार्वमत ठेवून बघा. ७२ टक्के मतदान झालं, ५१.९ विरुद्ध ४८.१ असा स्पष्ट निकाल लागला. पण बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कोणत्या अटींवर, हे प्रश्नात नव्हतंच. पुढची साडेतीन वर्षं त्या देशाची संसद त्या न विचारलेल्या प्रश्नाशी झगडत राहिली. मी आयुष्यभर प्रश्न लिहिले आहेत, म्हणून हे मला राजकारणाइतकंच प्रश्नावलीचं अपयश वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या चाचणीचा आकडा समोर आला की किती लोकांना विचारलं याच्या आधी कसे निवडले ते बघा, प्रश्न शब्दशः वाचा, काम कुणी दिलं ते शोधा, आणि ‘सांगता येत नाही’ हा रकाना छापला आहे का ते पाहा. तो गाळून टक्केवारी १०० वर नेली असेल तर मी तो अहवाल बाजूला ठेवते.

पाण्याच्या त्या सर्वेक्षणाचं सांगायचं राहिलं. तो पर्याय शेवटी टिकला, आणि वर मी एक जोडप्रश्न मिळवला: ज्यांनी ‘सांगता येत नाही’ म्हटलं त्यांना विचारायचं, ठरवण्यासाठी तुम्हाला काय कळायला हवं? मुलाखतकारांना वाटलं होतं लोक खांदे उडवतील. उत्तरांचे कागद आले तेव्हा आम्ही ते टेबलावर पसरून उशिरापर्यंत वाचत होतो. दर कोण ठरवणार? करार किती वर्षांचा? पाणी आलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची, कंपनीकडे की निवडून दिलेल्या माणसाकडे? कंपनी मधेच सोडून गेली तर नळ कोण चालू ठेवणार? एका वृद्ध गृहस्थांनी विचारलं होतं, करार मोडायचा झाला तर तो मोडण्याचा खर्च कुणी भरायचा. आम्ही हे प्रश्न मूळ प्रस्तावाशी ताडून पाहिले. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या प्रस्तावात कुठेच नव्हती. अहवालाच्या पहिल्या पानावर टक्केवारीच्या वर आम्ही ते प्रश्न छापले, आणि प्रस्ताव त्या दोन कलमांसाठी परत पाठवला गेला.